साम्राज्ये का वाढतात आणि का लयाला जातात? मगधाच्या इतिहासाचा धडा



बौद्ध धम्माचा स्वीकार केलेल्या कुटुंबातील मुलाला शाळेत, कामगाराला कारखान्यात आणि कारकुनाला कचेरीत एक वाक्य हमखास ऐकावे लागते : “बुद्धाच्या अहिंसेने देश दुबळा केला. अशोकाने तलवार टाकली आणि मौर्यांचे राज्य बुडाले.” बोलणारा हे इतक्या ठामपणे बोलतो की, ऐकणारा गप्प बसतो. आपल्याला उत्तर ठाऊक नसते. रागावणे हे उत्तर नव्हे. जे वाक्य इतिहासाच्या नावाने बोलले जाते, त्याची परीक्षा इतिहासानेच केली पाहिजे. म्हणून या पाठात आपण मगधाचे साम्राज्य कसे वाढले, कशाच्या बळावर टिकले आणि कशामुळे ढासळले, हे क्रमाने पाहू. त्यातून धम्म राखण्यासाठी आपल्या घरात आणि विहारात काय करायला हवे, तेही आपोआप कळेल.

१. वज्जींचे सात नियम

राज्य का टिकते, या प्रश्नाचे फार जुने आणि फार स्वच्छ उत्तर पाली वाङ्मयात आहे. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्त याच प्रसंगाने सुरू होते. मगधाचा राजा अजातशत्रू याला वैशालीच्या वज्जींचा पाडाव करायचा होता. त्याने आपला ब्राह्मण मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठविले. तथागतांनी वस्सकाराला थेट उत्तर दिले नाही. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आनंदाला सात प्रश्न विचारले. त्यांचा आशय असा :

(१) वज्जी वारंवार सभा भरवतात काय, आणि सभेला लोक मोठ्या संख्येने येतात काय?
(२) ते एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कामे करतात काय?
(३) सभेने न केलेला नियम ते लादत नाहीत आणि केलेला नियम मनमानीने मोडत नाहीत ना?
(४) वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांचे ऐकतात काय?
(५) स्त्रियांवर आणि मुलींवर जबरदस्ती करून त्यांना पळवून आणत नाहीत ना?
(६) आपल्या चैत्यांचा आदर करतात काय?
(७) अर्हतांचे नीट रक्षण करतात काय?

प्रत्येक प्रश्नाला आनंदाने होकार दिला. तेव्हा तथागत म्हणाले की, जोवर हे सात नियम पाळले जातील तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही. वस्सकार चतुर होता. त्याने तिथल्या तिथे ताडले की, वज्जींना युद्धात जिंकता येणार नाही. त्यांना फितवावे लागेल, त्यांच्यात फूट पाडावी लागेल. अट्ठकथेत पुढची हकीकत दिली आहे. वस्सकार राजाशी भांडल्याचे सोंग करून वैशालीत राहिला आणि तीन वर्षांत एकाचे मन दुसऱ्याविषयी कलुषित करीत गेला. शेवटी धोक्याची भेरी वाजली, पण कोणी जमले नाही. वैशाली लढाईने पडली नाही, फुटीने पडली.

तथागतांनी राज्याच्या बळाचा हिशेब करताना हत्ती, घोडे, कोट आणि खजिना मोजला नाही. त्यांनी सभा, एकोपा, नियम आणि स्त्रियांची सुरक्षितता मोजली. ही कसोटी पुढे आपल्याला मगधालाच लावायची आहे.

२. मगध मोठे का झाले?

त्या काळी उत्तर भारतात सोळा महाजनपदे होती. त्यांतले मगधच साम्राज्य झाले, याला कोणाचे नशीब कारण नव्हते. गंगेकाठची भाताची जमीन सुपीक होती. दक्षिणेच्या डोंगराळ भागात लोखंडाच्या खाणी होत्या. रानात हत्ती होते. गंगा, शोण आणि गंडक या नद्यांवरून माल आणि सैन्य दोन्ही नेता येत होते. बिंबिसाराने कोसलाशी सोयरीक केली आणि पूर्वेकडचे अंग राज्य जिंकून चंपा हे व्यापारी नगर घेतले. त्याचा मुलगा अजातशत्रू बापाला मारून गादीवर आला आणि त्याने वज्जींना गिळले.

याच सुत्तात आणखी एक नोंद आहे. तथागत आपल्या शेवटच्या प्रवासात पाटलिग्रामला थांबले, तेव्हा सुनीध आणि वस्सकार हे मंत्री वज्जींना रोखण्यासाठी तिथे तटबंदी बांधत होते. हे गाव श्रेष्ठ नगर होईल, पण त्याला आग, पाणी आणि आपसातील फूट या तिन्हींपासून धोका राहील, असे तथागतांनी सांगितले. तेच पुढे पाटलिपुत्र झाले, आजचे पाटणा. तिथल्या कुम्राहारच्या उत्खननात मौर्यकालीन खांबांच्या दालनाचे अवशेष, राख आणि जळके लाकूड सापडले. १९५१ ते १९५५ या काळात तिथे खोदकाम करणारे डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे मराठी विद्वान होते.

नंदांनंतर, इ. स. पूर्व ३२१ च्या सुमारास, चंद्रगुप्त मौर्य गादीवर आला. ग्रीक सेनापती सेल्युकसशी त्याचा तह झाला. पाचशे हत्तींच्या बदल्यात वायव्येकडचा मोठा मुलूख मौर्यांकडे आला. नातू अशोकाच्या काळी राज्य कंदाहारपासून ओरिसापर्यंत आणि हिमालयाच्या पायथ्यापासून कर्नाटकापर्यंत पसरले होते. आपल्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्यालाही त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत.

३. साम्राज्य कोणाच्या श्रमावर उभे होते?

एवढे राज्य सांभाळायचे तर सैन्य हवे, सैन्याला पगार हवा, पगाराला कर हवा आणि कराला पीक हवे. म्हणजे साम्राज्याचा सारा डोलारा शेवटी शेतात राबणाऱ्या माणसाच्या पाठीवर उभा असतो. कौटिल्याच्या नावावर असलेल्या अर्थशास्त्रात हे उघडपणे सांगितले आहे. (आजच्या स्वरूपातील हा ग्रंथ मौर्यांनंतर सिद्ध झाला असे पुष्कळ अभ्यासक मानतात, तरी राज्य चालविण्याची जुनी दृष्टी त्यातून कळते.) राजाने नवी गावे वसवावीत, त्यांत मुख्यतः शूद्र शेतकरी आणून ठेवावेत, गावात करमणुकीची ठिकाणे नसावीत, नट-नर्तकांनी कामात खंड पाडू नये, आणि वानप्रस्थाखेरीज अन्य प्रव्रजितांनी तिथे वस्ती करू नये, असे तो ग्रंथ म्हणतो. उत्पन्नाचा सहावा हिस्सा हा राजाचा रूढ भाग. शिवाय निरनिराळे कर, वेठ आणि सगळ्यांवर हेरांची नजर.

बंधूंनो, यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. राबणाऱ्या शूद्राच्या गावात भिक्षूने येऊ नये, असे या राजनीतीला का वाटले असेल? भिक्षू आला की तो बोलणार. बोलणे ऐकले की माणूस विचार करणार. आणि विचार करणारा माणूस मुकाट्याने नांगर ओढीत नाही. दंडाच्या राज्याला भीती वाटली ती विचाराची.

४. अशोकाने काय बदलले?

राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास, अशोकाने कलिंग जिंकला. तेराव्या शिलालेखात त्याने स्वतःच आकडे कोरून ठेवले आहेत : दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. जगातील विजेते राजे आपल्या विजयाचे स्तंभ उभारतात. या राजाने आपला पश्चात्ताप दगडावर कोरला.

पण पश्चात्तापावर तो थांबला नाही. त्याने राज्यकारभारात जे बदल केले ते त्याच्या लेखांतून स्पष्ट दिसतात. माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केली, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली. प्रजेचे गाऱ्हाणे कोणत्याही वेळी, कोणत्याही ठिकाणी आपल्यापर्यंत आणावे, अशी आज्ञा दिली. दास आणि नोकर यांना नीट वागवावे, असे सांगितले. सर्व पंथांनी एकमेकांचे ऐकावे, आपल्याच पंथाची फाजील स्तुती करू नये, असा उपदेश केला. लुंबिनीला स्वतः जाऊन त्या गावाचा बली हा कर माफ केला आणि भाग आठव्या हिश्श्यावर आणला. आणि हे सारे संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या प्राकृत बोलीत लिहविले; वायव्येला ग्रीक आणि अरामी भाषांतही लिहविले.

यातील चौथा स्तंभलेख आपण विशेष लक्षपूर्वक वाचला पाहिजे. न्यायाच्या कामात आणि शिक्षेत समता असावी, असे त्यात म्हटले आहे. व्यवहारसमता आणि दंडसमता हे ते शब्द. एकाच गुन्ह्याला ब्राह्मणाला हलकी आणि शूद्राला जबर शिक्षा सांगणारी धर्मशास्त्रे ज्या देशात रचली गेली, त्या देशात एका सम्राटाने ‘दंडसमता’ हा शब्द दगडावर कोरला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र जेवढे आहे तेवढेच सांगावे. अशोकाने चातुर्वर्ण्य मोडले किंवा दास्य बंद केले, असे त्याचा कोणताही लेख म्हणत नाही.

५. अहिंसेने राज्य बुडाले काय?

आता सुरुवातीच्या आरोपाकडे वळू. त्याला चार उत्तरे आहेत, आणि चारही पुराव्याची आहेत.

पहिले : अशोकाने सैन्य मोडल्याचे कोठेही नमूद नाही. दुसरे : त्याने देहदंडही रद्द केला नाही, ज्याला देहदंड झाला आहे त्याला तीन दिवसांची मुदत दिली, एवढेच. तिसरे : ज्या तेराव्या लेखात पश्चात्ताप आहे, त्याच लेखात राज्यातल्या रानटोळ्यांना त्याने बजावले आहे की, राजा पश्चात्ताप पावला असला तरी त्याच्यात सामर्थ्य आहे. चौथे : अशोकाचा मृत्यू इ. स. पूर्व २३२ च्या सुमाराचा आणि मौर्य घराण्याचा शेवट १८५ च्या सुमाराचा. मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले. आजोबांनी उपदेश केला म्हणून पन्नास वर्षांनी नातवाच्या गादीचा पाया खचला, हे म्हणणे कोणत्या तर्कात बसते?

उलट असे विचारावे : नंद बौद्ध नव्हते, त्यांचे राज्य का बुडाले? शुंगांनी अश्वमेध केले, त्यांचे राज्य तरी मौर्यांइतके मोठे कधी झाले काय? ते तर मौर्यांपेक्षा लहानच राहिले.

६. मग खरी कारणे कोणती?

एक, सगळा कारभार एका माणसाच्या डोळ्यावर होता. कलिंगात ठेवलेल्या खास लेखांत अशोक आपल्याच अधिकाऱ्यांना दटावतो की, कोणालाही विनाकारण कोठडीत टाकू नका, छळू नका. आणि तपासणीसाठी दर पाच वर्षांनी अधिकारी पाठवीन म्हणतो. उज्जैन आणि तक्षशिलेसाठी तीन वर्षांची मुदत घालतो. याचा अर्थ छळ होत होता. पाहणारा डोळा मिटला की छळाला आळा कोण घालणार? दुष्ट अमात्यांच्या जाचामुळे तक्षशिलेचे लोक उठले, अशी कथा दिव्यावदानात आली आहे.

दोन, खर्च फार होता. ग्रीक-रोमन लेखकांनी चंद्रगुप्ताच्या पायदळाचा आकडा सहा लाख दिला आहे. तो फुगवलेला असला तरी सैन्य अफाट होते यात शंका नाही. उत्तरकाळातील नाण्यांत चांदी कमी आणि हिणकस धातू जास्त दिसतो, त्यावरून खजिना आटला होता, असा निष्कर्ष दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी काढला.

तीन, दूरचे प्रांत सुटत गेले. इ. स. पूर्व २०६ च्या सुमारास ग्रीक राजा तिसरा अँटिओकस वायव्य सरहद्दीपर्यंत आला, तेव्हा त्याला भेटला तो पाटलिपुत्राचा सम्राट नव्हे, तर सुभागसेन नावाचा स्थानिक राजा.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रजेला राज्यात वाटा नव्हता. वज्जींच्या सात नियमांतील पहिलाच नियम सभेचा. मगधात राजाची परिषद होती, लोकांची सभा नव्हती. अशोक प्रजेला आपली लेकरे म्हणे. पण लेकरू म्हणून सांभाळलेली प्रजा राज्य आपले मानून राखायला उभी राहत नाही. म्हणूनच गादीवर घाव पडला तेव्हा प्रजा उठल्याचे कोठे दिसत नाही.

७. पुष्यमित्राचा घाव

शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ. सैन्याची पाहणी करीत असताना त्याचा सेनापती पुष्यमित्र शुंग याने त्याला ठार केले, असे बाणभट्टाच्या हर्षचरितात आले आहे. पुष्यमित्र ब्राह्मण होता. गादीवर आल्यावर त्याने अश्वमेध केला. अयोध्येच्या शिलालेखात त्याच्या दोन अश्वमेधांचा उल्लेख आहे. त्याने विहार पाडले आणि भिक्षूंच्या शिरांवर इनाम लावले, असे बौद्धांच्या दिव्यावदानात सांगितले आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी या घटनेला राजवाड्यातली साधी मारामारी मानले नाही. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती या विषयावर त्यांनी जे लेखन केले ते अपुरे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी बुद्धाचा उदय ही क्रांती आणि पुष्यमित्राचे बंड ही ब्राह्मण्याची प्रतिक्रांती ठरविली आहे. मनुस्मृती त्या विजयानंतरची आहे, असा त्यांचा सिद्धांत आहे. हेमचंद्र रायचौधुरी यांच्यासारख्या इतिहासकारांनी ब्राह्मणी प्रतिक्रियेचे कारण मान्य केले नाही. शुंगांच्या राज्यात भारहूतच्या स्तूपाचे तोरण उभे राहिले, हेही खरे आहे; तसे त्या तोरणावरच कोरलेले आहे. वाचकांनी दोन्ही बाजू जाणून घ्याव्यात. पण एक गोष्ट कोणालाही नाकारता येत नाही. राजाश्रय एका घावात बदलला. काल दंडसमतेचा लेख कोरला जात होता, आज यज्ञाचा अश्व सुटला.

पाटलिपुत्राला तिसरा धोका सांगितला होता तो आपसातील फुटीचा. मगधाने वैशालीवर जे हत्यार चालविले, त्याच हत्याराने मगधाचे घर फुटले. शत्रू वेशीबाहेरून आला नाही. तो सैन्याच्या पुढे उभा होता.

८. राज्य गेले, धम्म राहिला. मग तोही का गेला?

गादी गेली म्हणून धम्म लगेच संपला नाही, हे आपल्या महाराष्ट्राइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. कार्ल्याच्या लेण्याचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असे तिथे कोरले आहे. कान्हेरीच्या दात्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे लोक आहेत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. त्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. हिशेब करून पाहा, वर्षाचे दोनशे चाळीस बरोबर येतात. दान राजघराण्यातल्या माणसाचे होते, पण ते सांभाळण्याचा विश्वास विणकरांवर होता. सांचीच्या दक्षिण तोरणाचे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचे. म्हणजे सम्राट गेल्यावर सुतार, विणकर, कारागीर आणि व्यापारी यांनी धम्म कित्येक शतके खांद्यावर वाहिला.

मग पुढे तो या देशातून का गेला? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात एक कारण स्पष्ट सांगितले आहे. भिक्षूला संघदीक्षा होती. पण गृहस्थाला वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही फार मोठी उणीव होती, असे ते म्हणतात. त्यामुळे उपासक एका धर्मातून दुसऱ्यात भटकायला मोकळा राहिला, किंबहुना एकाच वेळी अनेक धर्म पाळू लागला. लेण्याला दान द्यायचे आणि घरात जुनेच विधी करायचे. अशा घरात धम्म पाहुणा असतो, आणि पाहुणा कधीतरी जातोच.

९. आपल्या घरासाठी धडा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरला बाबासाहेबांनी ती उणीव भरून काढली. त्रिशरण आणि पंचशील यांबरोबर बावीस प्रतिज्ञा त्यांनी गृहस्थांना दिल्या. पुरुषांना दिल्या तशा स्त्रियांनाही दिल्या. त्या प्रतिज्ञा म्हणजे तटबंदी आहे, आणि ती घरोघर बांधायची आहे.

योगायोग असा की, अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याजवळ भुईगावला सापडला तो १९५६ सालीच. त्या लेखात अशोक म्हणतो की, आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक, विशेषतः बायाबापड्या, नाना तऱ्हेचे क्षुद्र विधी करतात. त्यांचे फळ अल्प असते. दासांना नीट वागवणे, वडिलांचा मान, प्राण्यांवर दया, हेच खरे मंगल. मुलाला ताप आल्यावर अंगारा आणायचा की दवाखान्यात न्यायचे, हा प्रश्न आजही आपल्या दारात उभा आहे. आणि दोष एकट्या बायांवर ढकलून चालणार नाही. पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाणारा बहुधा घरातला कर्ता पुरुषच असतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाची आठवण दिली. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे नियम संघाला ठाऊक होते आणि ही लोकशाही पद्धत भारताने एकदा गमावली, असे त्यांनी सांगितले. देश आपल्याच माणसांच्या फितुरीने स्वातंत्र्याला मुकला, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. आज अशोकाचे चक्र राष्ट्रध्वजावर आहे आणि सारनाथचे सिंह राजमुद्रेवर आहेत. त्याचा अभिमान जरूर धरावा. पण चक्र ध्वजावर आणि फूट विहारात, असे झाले तर वैशालीच्या गोष्टीतून आपण काहीच शिकलो नाही असे होईल.

म्हणून प्रत्येक वस्तीने स्वतःला ते सात प्रश्न विचारावेत. विहाराची सभा नियमित भरते काय? हिशेब सर्वांपुढे वाचला जातो काय? दोन गट पडले असतील तर एकत्र बसण्याची हिंमत कोणाला आहे? सभेत स्त्रिया बोलतात, की नुसत्या बसतात? सून आणि मुलगी घरात निर्भय आहे काय? सत्ता आज कोणाकडे आहे, उद्या कोणाकडे जाईल, हे आपल्या हाती नाही. ही उत्तरे मात्र आपल्या हाती आहेत.

घरी अभ्यासासाठी प्रश्न

(१) वस्सकाराने वज्जींना कोणत्या उपायाने हरविले? तसा उपाय आपल्या वस्तीत कोणी करीत आहे काय?
(२) “अहिंसेने मौर्य राज्य बुडाले” या म्हणण्याला चार उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा.
(३) दंडसमता म्हणजे काय? घरात मुलगा आणि मुलगी यांच्या बाबतीत ती पाळली जाते काय?
(४) बावीस प्रतिज्ञा कुटुंबाने एकत्र बसून वाचाव्यात. कोणती प्रतिज्ञा आपल्या घरात अजून पुरी पाळली जात नाही, यावर बोलावे.

जयभीम!